मापावर शिवलेली जाहिरात

ज्या वर्षी मास्तरांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न झालं, आणि त्या लग्नाला मास्तरांची स्वतःची लेक पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून हजर राहिली, त्या वर्षी सुरू झालेली ही गोष्ट.

लेकीला घरात ठकी म्हणत. बाहेर ती डॉक्टर होती, पण नाडी बघणारी नव्हे, बर्फाची डॉक्टर. पृथ्वीच्या पार बुडाशी, जिथे झाड नाही, दुकान नाही आणि शेजारीही नाहीत, अशा एका संशोधन तळावर तिचं काम असे. त्या दिवशी तिने मोबाइलमधून हात हलवला, नवरीला काही तरी गोड बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात चित्र थिजलं. पुढचं सगळं लग्न ठकीने तोंड उघडं ठेवूनच पाहिलं. पाहुणे वाकून बघायचे आणि पुढे जायचे. एका म्हाताऱ्या बाईंनी तर "अगंबाई, हिला पाणी तरी द्या कुणी" असं म्हणून तांब्याच पुढे केला, आणि मोबाइल पालथा पडला. मास्तरांनी तो उचलला, बाहीने पुसला आणि पुन्हा उभा केला.

जेवताना भावाचे व्याही शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "लेक तिकडे काय करते म्हणालात?"

"बर्फ मोजते," मास्तर म्हणाले.

"किती वर्षं झाली?"

"झाली बरीच."

"मग? अजून मोजून झाला नाही?"

व्याही चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच काळजी वाटली होती. पण मास्तरांनी हातातला घास परत ताटात ठेवला. हाच प्रश्न ते स्वतःला रोज विचारत होते. फक्त इतक्या सोप्या शब्दांत त्यांना तो कधी सुचला नव्हता.

आता मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. शाळेची पोरं, दवाखान्यातल्या नर्सा, बँडवाले, पहारेकरी, असं अर्धं गाव त्यांच्या कात्रीखालून गेलेलं. त्यांचे दोन नियम होते. एक, कापड वाया घालवायचं नाही. दुसरा, माप एकदाच घ्यायचं. "दोनदा माप घेतो तो मास्तर नव्हे, मोजणीदार," असं ते म्हणत. गिऱ्हाईक पोट सुटून परत आलं तरी मास्तर टेप काढत नसत. ती चूक गिऱ्हाइकाची धरत.

बायको गेल्याला बराच काळ लोटला होता. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरात उरले मास्तर, शिलाई मशीन आणि ठकीच्या खोलीतला पुतळा. हा पुतळा म्हणजे शिंप्याकडे कपडा चढवून बघायला असतो तसा, बिनहाताचा, बिनडोक्याचा. ठकी पहिल्यांदा बर्फावर निघाली तेव्हा तिचा जाड कोट शिवायला मास्तरांनी तो तिच्या मापाने, कापूस भरून भरून तयार केला होता. कोट गेला, ठकी गेली, पुतळा राहिला. बाजारात निघताना मास्तर त्याला "येतो गं" म्हणत. हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्या चाळीला माहीत होतं.

त्या लग्नानंतर दोन दिवसांनी ठकीचा फोन लागला. मास्तरांनी नेहमीचं विचारलं, "कधी येतेस?" ठकीने नेहमीचं हसून सांगितलं, "बाबा, आपल्या गावात माझ्या कामाची एक जागा निघू दे. दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून येते की नाही बघा!"

हे वाक्य ती दर वर्षी म्हणे. विषय मिटवायची ती एक रीत होती. पण या वेळी मास्तरांच्या कानात व्याही बसले होते. त्यांनी फोन ठेवला आणि वहाणा घालून ते समोरच्या तारबाबूंकडे गेले.

तारबाबू हे तारखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. शब्दागणिक पैसे पडतात हे आयुष्यभर लोकांना बजावून त्यांनी स्वतःचे शब्द साठवून ठेवले होते, आणि निवृत्तीनंतर ते सगळे एकदम खर्चायला काढले होते. त्यांना एक विचारलं की चहा गार होईपर्यंत उत्तर चाले.

"जागा निघत नसतात मास्तर," तारबाबू म्हणाले, "जागा काढाव्या लागतात. विहिरीसारख्या. आणि एकदा काढली की दुसरा कुणी पोहरा टाकायच्या आत आपला टाकायचा. आमच्या मेव्हण्याचंच घ्या. ग्रंथपालाची जागा होती. जाहिरातीत काय छापलं होतं सांगा?"

"काय?"

"उमेदवाराला पोहता येणे आवश्यक. आणि डाव्या हाताने लिहिणाऱ्यास प्राधान्य."

"ग्रंथालयात पोहायचं कशाला?"

"तेच तर! साऱ्या जिल्ह्यातून अर्ज एक. आमचा मेव्हणा डावरा, आणि नदीकाठी वाढलेला. जाहिरात ही अंगावर शिवायची असते मास्तर, आणि हे मी तुम्हाला सांगावं?"

खरंच, हे मास्तरांना कुणी सांगावं? ते घरी आले तेव्हा त्यांच्या चालण्यात कारखान्यातल्या दिवसांसारखा ताठा होता. ठकीला आधी काही कळवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. कपडा पुरा झाल्यावरच गिऱ्हाइकाला बोलवावं. अर्धवट शिवलेला दाखवला की ते दहा खोड्या काढतं.

गावातल्या कॉलेजचे अध्यक्षसाहेब मास्तरांचे जुने गिऱ्हाईक. त्यांचं पोट मास्तरांनी तीन दशकं कोटात लपवलं होतं, आणि असे उपकार माणूस सहजी विसरत नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. एरवी त्यांनी चहा पाजून बोळवण केली असती, पण नदीपलीकडच्या दुसऱ्या कॉलेजाने नुकतंच 'सागर अभ्यास केंद्र' उघडलं होतं. समुद्र तिथूनही शेकडो कोस दूर होता, पण पाटी मोठी होती.

"त्यांनी समुद्र काढलाय काय?" साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. "आपण बर्फ काढू!"

अशा रीतीने 'ध्रुवप्रदेश व हवामान संशोधन केंद्र' जन्माला आलं. त्या वेळी कॉलेजच्या पाण्याच्या कूलरमधून कोमट पाणी येत होतं, हे इथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

साहेबांनी होकार दिला, पण कॉलेज साहेबांच्या होकारावर चालत नाही, हेडक्लार्कच्या फायलींवर चालतं. हेडक्लार्क सुकट अंगाचा, सज्जन आणि नियमाला चिकटलेला माणूस होता. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "बर्फ कुठल्या विभागात बसतो?"

फाईल भूगोलाकडे गेली. भूगोलाचे प्रमुख म्हणाले, बर्फ म्हणजे पाणी, आणि पाणी रसायनवाल्यांचं. रसायनवाले म्हणाले, पाणी आमचं खरं, पण ते गोठलं की पदार्थविज्ञानाकडे जातं. पदार्थविज्ञानवाले म्हणाले, गोठलेलं आमचं, पण इतक्या लांब जाऊन गोठलेलं भूगोलाचं. फाईल अशी गोल फिरत राहिली आणि मास्तर तिच्या मागे. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते कॉलेजच्या बाकावर जाऊन बसत. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायला लागलं होतं. बाकावर बसलं की येणारा-जाणारा "काय मास्तर" म्हणे, आणि घरच्या पुतळ्याला तेवढंही जमत नसे.

बसल्या-बसल्या हात रिकामे कशाला म्हणून त्यांनी हेडक्लार्कच्या पँटची शिवण घातली. मग भूगोलाच्या प्रमुखांची चेन बदलली. रसायनवाल्यांच्या एप्रनला खिसे लावले. शेवटी सह्या पुऱ्या झाल्या तेव्हा कॉलेजात एकही उसवलेला माणूस उरला नव्हता.

मग विद्यापीठाची पाहणी समिती येणार असं पत्र आलं. केंद्रात थंड प्रयोगशाळा आहे की नाही, ते समिती बघणार होती. हेडक्लार्कने कपाळाला हात लावला. "मास्तर, आता शून्याखाली तापमान कुठून आणू? माझ्या खात्यात तर सगळंच शून्य आहे."

मास्तर चौकातल्या आइस्क्रीमवाल्याकडे गेले. त्याच्या पोरांचे गणवेश त्यांनीच शिवलेले. तो म्हणाला, "फ्रीझर न्या मास्तर, एका दिवसाचा प्रश्न आहे. पण माल आत राहू दे. रिकामा करून हलवला तर मशीन बसतं."

फ्रीझर ढकलगाडीवरून आला. त्याच्यावरचं हसऱ्या पेंग्विनाचं चित्र झाकावं की ठेवावं यावर साहेबांच्या खोलीत बैठक झाली, आणि विषयाशी सुसंगत म्हणून ते ठेवायचं ठरलं. समिती आली. समितीच्या मुख्य सभासदांनी फ्रीझरचं झाकण उचललं. आत डबे ओळीने लागलेले.

"हे नमुने?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"होय सर," हेडक्लार्क म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो खोटं बोलत होता.

"कुठकुठले?"

"वेगवेगळ्या... थरांतले."

बाहेर ऊन रणरणत होतं. सभासदांनी एक डबा उचलला, उघडला, वास घेतला. मग ते म्हणाले, "नमुन्यांची तपासणी करावी लागेल." चमचे आले. दोन थर संपूर्ण तपासून झाल्यावर समितीने 'सुविधा समाधानकारक' असा शेरा मारला. आइस्क्रीमवाल्याला मात्र आपले डबे विज्ञानाच्या कामी आल्याचं बरेच दिवस पटलं नाही.

आता राहिली जाहिरात. हेडक्लार्कने कोरा कागद घेतला आणि म्हणाला, "सांगा मास्तर, तुमच्या लेकीचं माप."

मास्तरांनी डोळे मिटले. गिऱ्हाईक समोर नसतानाही ते त्यांना दिसायचं.

"वय पस्तिशीच्या आत."

"लिहिलं."

"समुद्रावरच्या बर्फाचा अभ्यास. पीएच.डी. होऊन दोन-तीन वर्षं झालेली. त्याहून जास्त नको, नाही तर कुणी तरी म्हातारा येऊन बसेल."

"बरं. आणखी?"

"बर्फावर हिवाळा काढलेला असावा. अख्खा. तिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही म्हणतात."

हेडक्लार्कची लेखणी थबकली. "आणि तुमची लेक तिथे एकटी...?"

"लिहा पुढे," मास्तर म्हणाले. "तंबू व उबदार कपडे यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करता येणे आवश्यक."

"हे कशाला?"

"मी शिकवलंय तिला. असे बर्फवाले जगात असतील शंभर, पण त्यांतल्या सुई धरणाऱ्यांना रांगेत उभं केलं तर रांग होणार नाही."

हेडक्लार्कने कागद लांब धरून वाचला. "मास्तर," तो आदराने म्हणाला, "याच्यात दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा शिरणार नाही."

जाहिरात छापून आली त्या दिवशी मास्तरांनी ठकीच्या खोलीची खिडकी धुतली, गादीला ऊन दाखवलं, पुतळा पुसला. तारबाबू येऊन वर्तमानपत्र चार वेळा वाचून गेले. दुपारी फोन लागला. मास्तरांनी घसा खाकरून सगळी जाहिरात वाचून दाखवली, एकेक अट सावकाश, सराफाने एकेक दागिना काढून दाखवावा तशी.

पलीकडून काही येईना. तसा तिच्या फोनवर शब्द पोहोचायला वेळ लागतोच, म्हणून मास्तर थांबले. मग जास्त वेळ झाला म्हणून म्हणाले, "ठके, थिजलीस का?"

"नाही बाबा. ऐकतेय." मग हलकेच, "बाबा, मी एकेचाळीस वर्षांची आहे."

"काही तरीच."

"खरंच हो. मागच्या महिन्यात तुम्हीच नाही का फोनवर वाढदिवसाचं बोललात?"

बोलले होते. पण वाढदिवस मोजणं वेगळं आणि वय मोजणं वेगळं.

"आणि समुद्रावरचा बर्फ मी केव्हाच सोडला बाबा. मी आता ढग करते."

"ढग?"

"ढग. बर्फावरचे."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ढग तर इथेही आहेत," ते म्हणाले.

ठकी हसली नाही. "आहेत बाबा," ती म्हणाली. "पण..." पुन्हा तो वेळ गेला, शब्दाला इतक्या लांबून यायला लागतो तो. "मला इकडेच कायमची जागा मिळाली. सही केली मी. तुम्हाला सांगणार होते, रोज सांगणार होते. ते 'दुसऱ्या दिवशी येते' मी आपलं... तुम्ही खरंच जागा काढाल असं मला कसं वाटणार? आपल्या कॉलेजात? तिथे पंखा चालत नाही बाबा!"

"आता चालतो," मास्तर म्हणाले. "छान झालं हो. कायमची म्हणजे चांगलंच झालं. जेवलीस का?"

फोन ठेवून ते तिच्या खोलीत गेले. पुतळ्यासमोर उभे राहिले. पस्तिशीच्या आतला पुतळा. "ऐकलंस?" ते त्याला म्हणाले. मग प्रथमच त्यांना लाज वाटली आणि त्यांनी पुतळ्यावर चादर टाकली.

आयुष्यभर त्यांच्या हातून एक बाही आखूड झाली नव्हती. आणि आता अख्ख्या गावासमोर, छापील, त्यांनी स्वतःच्या लेकीचा कपडा तिलाच बसणार नाही असा कापला होता. तारबाबूंनी समजूत घातली, म्हणजे दीड तास ते बोलत बसले. "शुद्धिपत्रक काढायला लावा! आमच्या मेव्हण्याच्या वेळी 'पोहता'च्या जागी 'लिहिता' छापलं होतं, तेव्हा..." मास्तर हेडक्लार्ककडे गेले, जाहिरात रद्द करा म्हणाले. हेडक्लार्कने चष्मा काढला. "कापलेलं कापड पुन्हा ताग्याला जोडता येतं का मास्तर? पाटीसुद्धा रंगवून झाली."

मास्तरांनी कॉलेजला जाणं सोडलं. बाक रिकामं राहिलं. दोन दिवस चाळीत त्यांचं मशीन वाजलं नाही तेव्हा शेजारणीने दार वाजवून "बरं आहे ना?" विचारलं, आणि मास्तर "दोरा संपलाय" म्हणाले.

मग एक दिवस हेडक्लार्क स्वतः जिने चढून आला. "अर्ज आलाय," तो म्हणाला. "एकच. सगळ्या अटी बसतात."

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा अपमान जास्त होता. दुसऱ्याच्या मापाच्या कपड्यात असा बिनधास्त शिरणारा हा कोण?

"आणि तुम्हाला मुलाखतीला यावं लागेल. नियम आहे, प्रत्येक आवश्यक अटीला विषयतज्ज्ञ हवा. बर्फासाठी विद्यापीठातून एक येताहेत. शिवणासाठी विद्यापीठात कुणी नाही."

मास्तर गेले, पण मनात ठरवून गेले. त्या उपऱ्याला नापास करायचं. सोबत त्यांनी ताडपत्रीचा एक फाटका तुकडा घेतला, तोही आडवा फाटलेला, ज्यावर भलेभले शिंपी रडतात.

उमेदवार म्हणजे एक काटकुळा, उंच, बुजरा माणूस निघाला. कुठल्या तरी लांबच्या गावचा. सोबत एकच पिशवी. बर्फाच्या तज्ज्ञांनी त्याला बर्फाचं विचारलं, त्याने सांगितलं. ते कुणाला कळलं नाही म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी विचारलं, "घरी कोण कोण?"

"आई. भावाकडे असते. तिला अजून वाटतं मी बर्फ विकतो."

"आजवर कुठे होता?"

"वर्ष दोन वर्षं एकीकडे, मग दुसरीकडे. जागा संपली की पिशवी उचलायची."

मास्तरांनी काही न विचारता ताडपत्री पुढे टाकली. सुई-दोरा ठेवला. हात बांधून बसले.

त्या माणसाने तुकडा उलटसुलट पाहिला. कडा दुमडल्या. दोरा तोंडात ओलावला नाही, मेणाच्या तुकड्यावरून ओढला. मेण त्याच्या खिशात होतं. टाके बारीक नव्हते, पण सरळ होते. मास्तर पाहत होते आणि चूक शोधत होते. शेवटाला आल्यावर त्याने सुई उलट फिरवली, दोन पदरांच्या मधे नेली आणि गाठ आतल्या आत बुडवून टाकली.

मास्तरांनी त्याच्या हातातून तुकडा घेतला. गाठीवरून अंगठा फिरवला. लागली नाही.

ही गाठ शाळेच्या पोरांच्या मानेला टोचू नये म्हणून मास्तरांनी स्वतः काढलेली होती. कारखान्यात कुणी शिकलं नाही. वेळ लागतो म्हणत. जगात एकाच माणसाला त्यांनी ती शिकवली होती, तीसुद्धा कान पिळून.

"हे कुणी शिकवलं?" ते म्हणाले. खोलीतल्या इतरांना वाटलं मास्तर रागावले.

"आमच्या तळावर एक ताई होत्या. अंधाराच्या महिन्यांत करायचं काय, म्हणून सगळ्यांना शिकवायच्या. गाठ वर दिसली की उसवायला लावायच्या. म्हणायच्या, बाबांनी पाहिलं तर इथवर येऊन ओरडतील." तो जरा हसला. "हातमोजेही त्याच शिवायच्या आमचे. माप न घेता. नुसतं बघून."

"बसायचे?"

उमेदवार घुटमळला. "खरं सांगू? सगळ्यांना घट्ट व्हायचे. पण कुणी बोललं नाही कधी."

साहेब मोठ्याने हसले. मास्तरांनी मान खाली घातली.

"जाहिरात कुठे पाहिलीत?" हेडक्लार्कने विचारलं, कारण तसा रकाना होता.

"ताईंनीच पाठवली. म्हणाल्या, बाबांनी कापलंय. मला बसत नाही, तुला बसतं. वाया जाऊ देऊ नकोस."

शिवणाच्या विषयतज्ज्ञांनी, म्हणजे मास्तरांनी, तक्त्यात काय लिहिलं ते हेडक्लार्कने नंतर सगळ्यांना दाखवलं. गुणांच्या जागी आकडा नव्हताच. फक्त 'गाठ बरोबर' इतकंच होतं.

गावात बर्फाच्या प्राध्यापकाला खोली कोण देणार? पहिल्या घरमालकाने विचारलं, घरात गळती तर नाही ना होणार. शेवटी तो मास्तरांकडे आला. पोरं त्याला बर्फसर म्हणू लागली. केंद्रात पहिल्या वर्षी तीन विद्यार्थी आले, त्यांतले दोन उकाड्यातून सुटका म्हणून. संध्याकाळी मास्तर आणि बर्फसर गॅलरीत बसत. दोघेही फारसं बोलत नसत, पण एकट्याने गप्प बसणं आणि दोघांनी गप्प बसणं यात फरक आहे. एकटा गप्प बसतो तेव्हा घड्याळ मोठ्याने वाजतं.

"हिवाळ्यात ती कुठे बसायची?" मास्तर मधेच विचारत.

"स्वयंपाकघराच्या खिडकीशी. बाहेर काही दिसायचं नाही, तरी तिथेच."

"खिडकी कुठल्या बाजूला?"

बर्फसर आठवून सांगे. मास्तर ते मनात नीट घडी घालून ठेवत. एवढ्या वर्षांत फोनवर त्यांनी जेवलीस का आणि कधी येतेस हे दोनच प्रश्न विचारले होते. खिडकीचं विचारायला हवं होतं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

आणि मग एका रविवारी फोन लागला तेव्हा मास्तरांनी तिसरा प्रश्न विचारला. "ठके, मी कागद घेतलाय. तुझं माप सांग."

"माप? कशाचं? तुमच्याकडे आहे की."

"ते जुनं आहे," मास्तर म्हणाले.

इतकं म्हणणं त्यांना किती जड गेलं हे ठकीला कळलं असावं, कारण शब्दाला लागतो त्याहून जास्त वेळ गेला. मग ती म्हणाली, "टेप नाही बाबा. दोरीने मोजू?"

"दोरीने मोज. घाई करू नकोस. श्वास सोडून कंबर मोज, ओढून धरू नकोस, मी काही पाहुणा नव्हे."

चादर निघाली. मास्तरांनी पुतळा टेबलावर घेतला, उसवला, खांद्याला कापूस घातला, कमरेला घातला, आणि त्यावर नवा कोट बेतला. बर्फसर बाजूला बसून गाठी बुडवत होता. काखेतली शिवण त्याला जमेना, तेव्हा मास्तरांनी त्याला गाढव म्हटलं. त्या घरात कुणाला तरी गाढव म्हटलं गेल्याला फार दिवस झाले होते. तारबाबूंनी तो शब्द समोरच्या घरातून ऐकला आणि समाधानाने खिडकी लावली.

कोट बोटीने गेला. पोहोचायला महिने लागले. पोहोचला त्या दिवशी दोघांनी मोबाइल तांब्याला टेकवून टेबलावर ठेवला, आणि तारबाबू, शेजारीण, हेडक्लार्क असे सगळे मागे उभे राहिले. ठकीने कोट उचलून दाखवला. एक हात बाहीत घातला, दुसरा घातला, खांदा झटकला, काही तरी बोलायला तोंड उघडलं, आणि चित्र थिजलं.

"गेलं!" तारबाबू म्हणाले. "आता पुन्हा लावा, पहिल्यापासून लावा, नाही तर असं करा..."

"राहू द्या," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. ते मोबाइलजवळ वाकले. खांद्याची शिवण पाहिली. कॉलर मानेपासून किती सुटते ते पाहिलं. तोंड उघडं ठेवून उभ्या राहिलेल्या, एकेचाळिशी ओलांडलेल्या बाईला त्यांनी असं नीट, सावकाश, कुणी घाई न करता, कधीच पाहिलं नव्हतं. तिच्या कानाजवळ केस पांढरे झाले होते. कोट बसला होता.

भावाच्या मुलीला पुढच्या वर्षी मुलगी झाली. त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मास्तर वारले. बर्फाकडून तेव्हा बोट निघत नव्हती, म्हणून ठकी आली नाही. सगळं बर्फसराने केलं.